सहलीला न आलेल्या मित्राला सहल कशी काय आठवते? थीम पार्क आणि आपली मेमरी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे एसटीत बसलेत आणि शेजारचा माणूस फुल आवाजात रील्स बघतोय, त्यांच्यासाठी आपल्या एपिसोडचा हा लिखित अवतार. बोलताना आलेले "म्हणजे", "अं" आणि मागून ओरडलेला कोंबडा एवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागच्या महिन्यात मी तुम्हाला एक सोपा प्रश्न विचारला होता. थीम पार्कची किंवा जत्रेतल्या पाळण्याची तुमची आवडती आठवण कोणती? व्हॉइस नोट्स भरपूर आल्या. त्या ऐकताना एक गंमत लक्षात आली. राइडबद्दल लोक फार कमी बोलतात. राइड दोन मिनिटांची, तिचं वर्णन दोन वाक्यांत संपतं. मग येतं डब्यातली चटणी, बसमध्ये उलटी करणारा वर्गमित्र, रांगेत घसा सुकलेला, घरी आल्यावर आजीने काढलेली दृष्ट. पैसे आपण राइडचे देतो आणि लक्षात राहतं भलतंच. असं का होतं? आज तेच समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण मेमरी हा शब्द आमच्या धंद्यातही रोज येतो, त्यामुळे जरा हक्काने बोलतो.

आधी आपली जत्रा, मग त्यांचे पार्क

मी वाटूरचा. जालना-मंठा रस्त्यावरचं, परतूर तालुक्यातलं गाव. आमच्याकडे "थीम पार्क" हा शब्द फार उशिरा आला. त्याआधी जत्रा होती. राजूरच्या गणपतीला, अंबडच्या मत्स्योदरी देवीला, किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेला गेलात तर आकाशपाळणा, मौत का कुआं, लाकडी घोड्यांचं चक्र हे सगळं दिसणारच. आई सांगते, तिच्या लहानपणी पाळणा माणसं हाताने फिरवायची. चार पेट्या, दोन गडी, आणि पाळणा वर गेला की पोरींचा आरडाओरडा.

शहरातली गोष्ट वेगळी. दिल्लीत १९८४ साली अप्पू घर सुरू झालं. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं आणि नव्वदच्या दशकात त्याच्या टीव्हीवरच्या जाहिरातीने महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात घर केलं. ती धून आजही कुणी गुणगुणली तर पुढची ओळ तुमच्या तोंडात येईल, पैज लावतो. शेजारी वॉटर किंगडम १९९८ मध्ये आलं. मग २०१३ च्या एप्रिलमध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं.

साधा फरक असा. जिथे नुसत्या राइड्स असतात तो अम्युझमेंट पार्क, आणि जिथे प्रत्येक राइडला एक गोष्ट असते तो थीम पार्क. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं, तिथून ही गोष्टवाली कल्पना जगभर गेली. उदाहरणार्थ, इमॅजिकात डायनासोरची एक पाण्यातली राइड आहे, तिच्या नावात राजासॉरस आहे. हा राजासॉरस कुणी लेखकाने शोधून काढलेला नाही, तो खराखुरा आपला देशी डायनासोर आहे. गुजरातमधल्या रहिओलीजवळ त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याचं राजासॉरस नर्मदेन्सिस असं बारसं झालं. आपल्या शेतातली काळी माती ज्या लाव्ह्याच्या खडकापासून झाली, तो लाव्हा साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, आणि हा गडी त्याच काळाच्या आसपासचा. तर तिथे नुसतं पाण्यात भिजणं नाही, भिजण्याला एक गोष्ट जोडलेली आहे. आणि गोष्ट जोडली की आठवण चिकटते. हे पुढे कामाला येईल, लक्षात ठेवा.

पोटात गोळा येतो तेव्हा मेंदूत काय होतं?

रोलर कोस्टरचं इंजिन गाडीच्या डब्यात नसतं. जुन्या पद्धतीच्या कोस्टरमध्ये साखळी गाडीला वर ओढते, "कट-कट-कट" आवाज येतो, आणि माथ्यावर साखळी सुटली की पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. विहिरीवरचा रहाट आठवा. भरलेली बादली ओढून वर आणायला ताकद लागते, आणि हातातून दोर सुटला की बादली स्वतःच सुसाट खाली. तसंच. इमॅजिकातली नायट्रो ही कोस्टर साधारण ४० मीटर उंच आहे. दहावीचं गणित लावलं, तर ४० मीटरवरून सुटलेली वस्तू खाली येईपर्यंत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग घेते.

उतारावर क्षणभर सीट आपल्याला वर ढकलायची थांबते. आपलं वजन आपल्याला जाणवतं ते खालून कुणीतरी रेटतंय म्हणून. ते रेटणं कमी झालं की पोटातले अवयव हलके होतात, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र बोंब मारतं, आणि मेंदूला एकच कळतं: पडलो! आपण तिकीट काढून बसलोय, कमरेला पट्टा आहे, हे मेंदूच्या पुढच्या भागाला माहीत असतं. पण भीतीचा अलार्म वाजवणाऱ्या भागाला, म्हणजे अमिग्डालाला, तिकीट दाखवून उपयोग नसतो. तो अलार्म देतोच. अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, हाताला घाम येतो.

हा अमिग्डाला बसलाय हिप्पोकॅम्पसच्या अगदी शेजारी, आणि हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी नोंदवणारा कारकून. शेजारच्या घरात बोंबाबोंब झाली की हा कारकून ठळक अक्षरात नोंद करतो. १९९४ मध्ये अमेरिकेत केहिल, मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना चित्रं दाखवत एक गोष्ट सांगितली. काहींना साधी, काहींना अपघाताचा प्रसंग असलेली. काही लोकांना आधी अॅड्रेनलिनचा परिणाम रोखणारी गोळी दिली होती. आठवड्याने विचारलं तर गोळी न घेतलेल्यांना तो भावनिक भाग जास्त चांगला आठवला. गोळी घेतलेल्यांच्या बाबतीत हा जादाचा फायदा दिसला नाही. म्हणजे धडधड आणि आठवण यांचं नातं नुसतं म्हणण्यापुरतं नाही, ते रसायनात आहे.

अजून एक भारी प्रयोग, आणि हा तर पार्कातच झाला. २००७ मध्ये डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या एका मनोरंजन पार्कात लोकांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळीत सोडलं. पडताना दोर नाही, सरळ मोकळं पडणं. मग विचारलं, किती वेळ पडत होतात? दुसऱ्याच्या पडण्याला जेवढा वेळ लागला असं वाटलं, त्यापेक्षा स्वतःचं पडणं लोकांना सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. पण पडताना हाताला बांधलेल्या यंत्रावर भराभर बदलणारे आकडे त्यांना काही जास्त स्पष्ट वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी जग स्लो मोशनमध्ये गेलं नव्हतं. मेंदूने त्या दोन-तीन सेकंदांची नोंद एवढी दाट केली, की नंतर मागे वळून बघताना ती लांब वाटली.

मग राइड सोडून डबाच का आठवतो?

आता तुम्ही म्हणाल, अलार्म राइडमध्ये वाजला तर आठवणीत रांग आणि डबा कशाला येतात? याला दोन कारणं आहेत.

पहिलं असं, की अलार्मची ठळक शाई फक्त त्या दोन मिनिटांवर पडत नाही, आजूबाजूलाही सांडते. आधीचं टेन्शन, नंतरचा सुटकेचा श्वास, शेजारी कोण बसलं होतं, हे सगळं त्यात येतं.

दुसरं कारण डॅनियल काहनेमन यांच्या कामातून येतं. यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश थंडगार पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत गरम केलं. मग विचारलं, यातलं कोणतं पुन्हा करायचं? हिशोबाने कमी त्रासाचं निवडायला हवं. पण बहुतेकांनी लांबलचक वालं निवडलं! कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आपला मेंदू अनुभवाची लांबी मोजत बसत नाही. सगळ्यात तीव्र क्षण कोणता आणि शेवट कसा झाला, एवढं धरून सगळ्या दिवसाला मार्क देतो.

पार्कवाल्यांना हे नेमकं माहीत असतं. दिवस मावळताना परेड, रोषणाई, फटाके हे उगाच नसतं. दिवसभर उन्हात रांगेत तुमचं तेल निघालेलं असतं, पण शेवट नाचगाण्याने झाला की घरी जाऊन तुम्ही म्हणता, "लई मजा आली!"

आमच्या घरचं उदाहरण देतो. नोकरी लागल्यावर, २०१९ मध्ये, मी आई आणि अण्णांना इमॅजिकाला घेऊन गेलो. तिकीट, गाडी, खाणं धरून सात-आठ हजार गेले. अण्णा गेटवरच म्हणाले, "एवढ्यात खताच्या सहा गोण्या आल्या असत्या." दिवसभर ते हेच म्हणत होते. नायट्रोकडे बघून म्हणाले, "आपण नाही बाबा, आपल्याला जिवंत परतूरला जायचंय." मी एकटा बसलो, ते खाली बाकावर टोपी सांभाळत बसले.

दुपारी आई हट्टाने डायनासोरच्या होडीत बसली, आणि अण्णांनाही ओढून घेतलं. होडी वरून खाली आली, दोघं नखशिखांत भिजले, आणि आई एवढी हसली की तिला उतरता येईना. अण्णा आजही पाहुण्यांना इमॅजिकाची गोष्ट सांगतात. त्यात खताच्या गोण्या नाहीत, ऊन नाही, रांग नाही. त्यात फक्त "हिला हसताना बघायचं होतं तुम्ही" एवढंच आहे. आठ तासांचा दिवस, त्यातली दहा सेकंदं उरली. पण कसली उरली!

आता मित्राची गोष्ट

आजचा एपिसोड खरं तर ज्याच्यामुळे केला, तो भाग हा.

जानेवारी २०१२. मी नववीत. आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली. दोन लाल डबे एसटी, साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रात्रभराचा प्रवास, गेट वे ऑफ इंडिया, वरळीचं तारांगण, आणि शेवटी एस्सेलवर्ल्ड. गोराईच्या खाडीतून फेरीबोटीने जायचं होतं. आम्ही जालन्याची पोरं. आमच्यासाठी सगळ्यात मोठं पाणी म्हणजे निम्न दुधनाचं धरण. बोट हलली तसा आमच्यातल्या एकाचा पाय सटकला आणि त्याची एक चप्पल पाण्यात. तो एका पायावर उभा, आणि अख्खी बोट हसतेय. सरांनी त्याला नंतर रस्त्यावरून नवी चप्पल घेऊन दिली. मला विचाराल तर माझी आवडती आठवण तीच. झिपर डिपर नावाच्या कोस्टरमध्ये बसलो होतो, पण ती मला धूसर आठवते. चप्पल लख्ख आठवते.

माझा एक मित्र आहे, गल्लीतलाच. आता गावात शेती आणि मोबाईलचं दुकान दोन्ही बघतो. मागच्या दिवाळीत आम्ही दहा-बारा जण वाटूर फाट्यावर चहाला बसलो होतो, सहलीचा विषय निघाला, आणि हा रंगात येऊन सांगायला लागला. "बोट हलली ना, तशी माझी चप्पल गेली पाण्यात! सर लई ओरडले, मग बोरिवलीत नवी घेतली."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चमकलो. कारण हा सहलीला आलाच नव्हता.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. सहलीची वर्गणी होती बाराशे रुपये, ती त्याच्या घरून निघाली नाही. पण रात्री बस सुटताना तो फाट्यावर आला होता, आणि थंडी आहे म्हणून त्याने स्वतःचा स्वेटर काढून मला दिला होता. गेट वेसमोरच्या ग्रुप फोटोत मी तोच स्वेटर घालून उभा आहे. फोटोत तो नाही, त्याचा स्वेटर आहे.

मग तो खोटं बोलत होता का? मला अजिबात वाटत नाही. त्याचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. त्याला ती बोट खरंच दिसत होती. आणि हे कसं होतं, यावरचा जगातला एक गाजलेला प्रयोग थीम पार्कवरच झालाय.

डिस्नेलँडमधला ससा

एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर एकाच विषयावर काम करत आल्यात: आठवण बदलते कशी. २००२ मध्ये कॅथरिन ब्राउन, ऱ्हायनन एलिस आणि लॉफ्टस यांनी काही लोकांना डिस्नेलँडची एक खोटी जाहिरात दाखवली. लहानपणी डिस्नेलँडला गेलात, बग्ज बनी हा ससा भेटला, त्याच्याशी हात मिळवला, असं काहीसं त्यात होतं. नंतर त्यातले काही जण म्हणाले, हो, आम्ही लहान असताना डिस्नेलँडमध्ये बग्ज बनीशी हात मिळवला होता.

आता यातली मेख बघा. बग्ज बनी डिस्नेचा नाहीच! तो वॉर्नर ब्रदर्सचा, म्हणजे स्पर्धक कंपनीचा. तो डिस्नेलँडमध्ये भेटणं शक्यच नाही. एका जाहिरातीने लोकांच्या बालपणात एक ससा घुसवला.

मग विचार करा. माझ्या मित्राने जाहिरात एकदा पाहिली नव्हती, तर चपलेची गोष्ट शाळेच्या व्हरांड्यात, क्रिकेटच्या मैदानावर, दहावीच्या सेंड-ऑफला, लग्नाच्या पंगतीत अशी शंभरदा ऐकली होती. प्रत्येक वेळी मनात चित्र काढलं होतं. त्यात त्याच्या ओळखीची पोरं, ओळखीचे सर, आणि त्याचा स्वतःचा स्वेटर. पार्कने राइडला गोष्ट जोडली की आठवण चिकटते असं मघाशी म्हणालो ना? इथे गोष्ट एवढी चिकटली की राइडचीही गरज उरली नाही.

फाइल नाही, डॉक्युमेंट

आमच्या भाषेत सांगतो. आपल्याला वाटतं आठवण म्हणजे फोनमधला व्हिडिओ. एकदा सेव्ह झाला, हवा तेव्हा प्ले करायचा, दर वेळी तोच दिसणार. प्रत्यक्षात आठवण ही सगळ्यांना एडिट करता येणाऱ्या ऑनलाइन डॉक्युमेंटसारखी आहे. उघडलं की थोडं बदलतं, बंद करताना नव्याने सेव्ह होतं. आणि वाईट बातमी म्हणजे यात जुनी व्हर्जन बघायचं बटण नाही.

करीम नादेर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लडू यांनी २००० साली उंदरांवर हे दाखवलं. एका आवाजाबरोबर झटका बसतो हे उंदीर शिकले होते, आठवण पक्की झाली होती. मग तो आवाज ऐकवून आठवण जागी केली, आणि लगेच अमिग्डालात नवी प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं. त्यानंतर ती भीती जवळजवळ गेली. आठवण जागी न करता औषध दिलं तर मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे आठवण काढली की ती काही काळ ओल्या मातीसारखी मऊ होते. त्या वेळात तिला हात लागला तर आकार बदलतो.

माणसाचं गणित उंदरापेक्षा गुंतागुंतीचं आहे, हे मान्य. पण चहाच्या टपरीवर दहा जण एकच सहल आठवतात तेव्हा दहा जण मिळून ती माती पुन्हा मळत असतात. कुणाची चप्पल कुणाच्या पायात जाईल, काही सांगता येत नाही.

मग मोबाईलने शूट करून ठेवावं का?

हा प्रश्न येणारच. थोडक्यात: ठेवा, पण जपून. २०१४ मध्ये लिंडा हेंकेल यांचा एक अभ्यास छापून आला. विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे अख्खे फोटो काढले त्या वस्तू कमी आठवल्या. मेंदू म्हणतो, फोनने घेतलंय ना, मग मी कशाला कष्ट करू? पण जिथे वस्तूच्या एका बारीक भागावर झूम करून फोटो काढला, तिथे हा तोटा दिसला नाही. कारण झूम करायला नीट बघावं लागतं.

तर पार्कला गेलात तर माझा हिशोब असा:

राइडचा व्हिडिओ काढू नका. तसले व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, शिवाय हातातला फोन उडाला तर कुणाच्या तरी डोक्यात बसेल. फोटो काढा रांगेतल्या कंटाळलेल्या चेहऱ्यांचे, डब्याचे, ओल्या चपलांचे. वीस वर्षांनी तेच बघावंसं वाटेल.

सगळ्यात भारी राइड किंवा सगळ्यात आवडती गोष्ट शेवटाजवळ ठेवा. दिवस भांडणाने संपू देऊ नका. भूक लागली असेल तर आधी खा, मग बसमध्ये बसा.

परतताना बसमध्येच प्रत्येकाकडून एक-एक आठवण बोलून घ्या, आणि शक्य असेल तर फोनवर रेकॉर्ड करा. माती ओली असते तेव्हाच ठसा घ्यायचा. हे तुमचं जुनं व्हर्जन.

आणि घरातल्या मोठ्यांना त्यांच्या जत्रेबद्दल विचारा. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात जास्त आठवतात, असं अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमच्या आजीकडे तिच्या जत्रेच्या पाळण्याचा अख्खा सीझन पडून आहे, कुणी ऐकलेला नाही.

मित्राला सांगितलं का?

नाही सांगितलं, आणि सांगणारही नाही. त्याचं कारण असं.

आठवणीची चूक दुरुस्त करणं कधीकधी गरजेचं असतं. कोर्टात साक्ष असेल, जमिनीचा व्यवहार असेल, कुणावर आरोप होत असेल, तिथे कागद आणि फोटोच बघायला हवेत. लॉफ्टसबाईंचं निम्मं काम त्यासाठीच आहे. पण चहाच्या टपरीवरची चप्पल कुणाचं काय नेते? ज्याची खरी चप्पल गेली होती तोही तिथेच बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, भुवई उडवली, आणि म्हणाला, "हो ना, काय हसलो होतो आपण!" एवढं बोलून त्याने ती चप्पल देऊन टाकली. एवढा मोठेपणा मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

शिवाय ते एस्सेलवर्ल्ड आता नाही. कोविडच्या काळात बंद झालेला तो राइड्सचा पार्क आमच्यासाठी बंदच राहिला, शेजारचं वॉटर किंगडम तेवढं चालू झालं. म्हणजे मित्राला म्हणावं की चल, आता जाऊन येऊ, तर जायला ती जागाच नाही. ती सहल आता फक्त आमच्या बोलण्यात शिल्लक आहे, आणि बोलण्यात त्यालाही जागा आहे.

पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली, ती निघाली नाही. त्याला ती आठवण उसनी घ्यावी लागली, कारण बाराशे रुपये नव्हते. आमच्या वर्गात असा तो एकटा नव्हता. ग्रुप फोटो आपण सगळे जपून ठेवतो, पण फोटोत कोण नाही हे कुणी मोजत नाही. दर वर्षी प्रत्येक शाळेत ही यादी तयार होते आणि सर तिला "नाव दिलं नाही" एवढंच म्हणतात.

म्हणून आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केली. शाळेच्या सहलीची तारीख ठरली की सरांना फोन करायचा आणि विचारायचं, पैशामुळे कोण अडकलंय? नाव आम्हाला नको, फक्त आकडा. मागच्या हिवाळ्यात आकडा आला चार. बारा-तेरा जणांत वाटून घेतलं तर एकेकाला एका पिझ्झापेक्षा कमी पडलं. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, त्यामुळे शाळेने एसटी घेतली की वर्गणी मुळातच कमी बसते. सहल शिर्डीला गेली, वॉटर पार्क धरून. यात ग्रुपवर सगळ्यात आधी पैसे कुणी टाकले सांगू? चपलेवाल्याने. दोन्ही चपलेवाल्यांनी, खरं म्हणजे.

तुमच्याही शाळेची सहल डिसेंबर-जानेवारीत निघेल. सरांचा नंबर तुमच्याकडे असेलच. दिवाळी झाली की एक फोन करून बघा.

आणि हो, तुमची आवडती आठवण अजून पाठवली नसेल तर व्हॉइस नोट पाठवा. एक मिनिटाच्या आत बसवा. खरी किती, ऐकीव किती, हे मी विचारणार नाही. फक्त शेजारी कोण बसलं होतं तेवढं नक्की सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि बोटीत चपला हातात धरा!